धूर, नोंदवह्या आणि फुप्फुसाचा कर्करोग

१९१२ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक ॲडलर यांनी फुप्फुसांत व श्वासनलिकांत मूळ धरणाऱ्या कर्करोगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा इतक्या विरळ व्याधीसाठी एवढे परिश्रम का घेतले, याचा खुलासा वाचकांपुढे करणे त्यांना भाग पडले. ठिकठिकाणच्या वैद्यकीय वाङ्मयात विखुरलेली शवविच्छेदनाची वृत्ते धुंडाळूनही त्यांच्या हाती अवघे ३७४ रुग्णांचे दाखले लागले होते. आणि तंबाखूचा अतिरेक या रोगास कारण होत असेल काय, असा प्रश्न त्यांनी मांडला असला, तरी त्याचा निवाडा करण्याइतका पुरावा त्या काळी कोणापाशीच नव्हता. या ग्रंथानंतर एकशेदहा वर्षांनी, म्हणजे २०२२ साली, या एका रोगाचे जगात सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे १८ लाख २० हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. कर्करोगाच्या सर्व प्रकारांत त्या वर्षी हाच संख्येने पहिला होता. एका शतकाच्या अवधीत विरळ व्याधीची महामारी कशी झाली, आणि त्या महामारीतही एका प्रकाराच्या कर्करोगाने दुसऱ्याला मागे सारून अग्रस्थान कसे घेतले, हा आधुनिक आरोग्याच्या इतिहासातला मोठा अध्याय आहे.

प्रारंभी रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. फुप्फुसाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे; सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे मुख्यतः चार प्रकार दिसतात. मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरात उद्भवणारा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, अतिशय वेगाने पसरणारा लघुपेशींचा कर्करोग, तुलनेने थोडा आढळणारा बृहत्पेशींचा कर्करोग, आणि श्लेष्मल द्रव स्रवणाऱ्या ग्रंथिपेशींतून किंवा वायुकोशांजवळच्या पेशींतून निर्माण होणारा ॲडिनोकार्सिनोमा. यांपैकी पहिले दोन बहुधा फुप्फुसाच्या मध्यभागी, मोठ्या नलिकांत वाढतात, त्यामुळे खोकला व थुंकीतले रक्त ही लक्षणे तुलनेने लवकर दिसू लागतात. ॲडिनोकार्सिनोमा मात्र बहुधा फुप्फुसाच्या कडेला, सूक्ष्म वायुमार्गांच्या टोकाशी वाढतो आणि पुष्कळदा फार काळ निमूट राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यास या चौघांत तो गौण गणला जाई. आज जगातील पुरुष रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्के आणि स्त्री रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के याच एका प्रकाराचे असतात.

तंबाखूच्या पूर्वी फुप्फुसाचा कर्करोग मुळीच नव्हता असे नाही. सॅक्सनीतील श्नेबर्ग येथील खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या मजुरांना अकाली मारणारा छातीचा एक विकार त्या मुलखात सर्वश्रुत होता. सोळाव्या शतकातील खनिजशास्त्रज्ञ अग्रिकोला याने खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांचे वर्णन करून ठेवले होते, आणि १८७९ साली हेर्टिंग व हेसे या दोघा डॉक्टरांनी श्नेबर्गचा हा विकार म्हणजे फुप्फुसातील घातक अर्बुद होय, असे दाखवून दिले. खडकांतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू हे त्याचे कारण पुढे कळले. परंतु ही आपत्ती काही खाणींपुरती, काही घराण्यांपुरती मर्यादित होती. सर्व जगाला तिने वेढावे, यासाठी श्वासाबरोबर विष आत घेण्याची सवय कोट्यवधी माणसांना लागणे आवश्यक होते, आणि ती सवय लावण्याची सामग्री एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली.

तंबाखू युरोपात कित्येक शतके ओढला जात होता. परंतु चिलमीचा व चिरुटाचा धूर उग्र व क्षारधर्मी असल्यामुळे ओढणारे तो बहुधा तोंडातच घोळवीत. बंद कोठारांत उष्णतेने वाळविलेल्या सौम्य पानाच्या सिगारेटचा धूर मात्र छातीत खोलवर ओढता येतो, आणि त्यातील निकोटिन क्षणार्धात रक्तात मिसळते. ही सिगारेट महाग होती, कारण ती हाताने वळली जाई आणि कुशल कामगारही दिवसाकाठी दोन-तीन हजारांहून अधिक वळू शकत नसे. १८८१ साली जेम्स बॉन्सॅक या अमेरिकन तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले, आणि उत्तर कॅरोलायनातील ड्यूक यांच्या कारखान्यात १८८४ साली ते यंत्र यशस्वीपणे चालू झाले. एका यंत्रातून दिवसाला लाखाहून अधिक सिगारेटी बाहेर पडू लागल्या. त्यानंतर तीस वर्षांनी पहिले महायुद्ध आले, सैनिकांच्या शिध्यात सिगारेटींचा समावेश झाला, आणि खंदकांतून परतलेली एक अख्खी पिढी ही सवय घेऊन घरोघर गेली. धूर आणि कर्करोग यांच्यामध्ये वीस-तीस वर्षांचे अंतर असते. त्यामुळे १९१४ ते १९१८ या वर्षांत ज्याची पेरणी झाली, त्याचे पीक १९३५ च्या सुमारास हाती येऊ लागले, आणि कार्यकारणाचा धागा या दीर्घ अवधीत कोणाच्याच दृष्टीस पडला नाही.

ॲल्टन ऑक्सनर या शल्यविशारदांनी पुढे एक हकीकत सांगितली आहे. १९१९ साली ते सेंट लुइस येथे वैद्यकाचे विद्यार्थी असताना, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत झालेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन पाहण्यासाठी त्यांच्या वर्गाला मुद्दाम बोलावण्यात आले, कारण असा रुग्ण आयुष्यात पुन्हा पाहावयास मिळेलच याची खात्री नव्हती. त्यानंतर सतरा वर्षे त्यांना एकही असा रुग्ण दिसला नाही, आणि १९३६ साली सहा महिन्यांच्या आत नऊ रुग्ण त्यांच्यापुढे आले. ते सर्व पुरुष होते, सर्व सिगारेट ओढणारे होते, आणि बहुतेकांनी ती सवय महायुद्धात लावून घेतली होती. इंग्लंड व वेल्सच्या सरकारी मृत्यू-दप्तरातले आकडे हीच गोष्ट अधिक भेदकपणे सांगत होते. १९२२ साली तेथे फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली हीच संख्या ९,२८७ झाली, म्हणजे पंचवीस वर्षांत सुमारे पंधरापट.

या वाढीचा अर्थ लावण्यात त्या काळच्या डॉक्टरांचे एकमत नव्हते. क्ष-किरणांमुळे निदान सुधारले, म्हणून पूर्वी क्षय समजले गेलेले रुग्ण आता योग्य नावाखाली नोंदले जाऊ लागले, असे काहींचे म्हणणे होते. मोटारींचा धूर, रस्त्यांवर पसरलेले डांबर, कारखान्यांची काजळी, युद्धातील विषारी वायू, १९१८ चा इन्फ्ल्युएंझा अशी अनेक कारणे पुढे केली जात. तंबाखूकडे बोट जाणे अवघड होते, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये दर दहा पुरुषांपैकी आठ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढीत असत, आणि जी सवय जवळजवळ सर्वांना आहे, ती रोग्याला निरोग्यापासून वेगळे ओळखण्याची खूण म्हणून कोणास सुचत नाही. जर्मनीत फ्रान्झ म्यूलर यांनी १९३९ साली, आणि शायरर व शोनिगर यांनी १९४३ साली, रुग्णांच्या व निरोगी लोकांच्या सवयी पडताळून तंबाखूचा संबंध दाखविला होता. परंतु युद्धाच्या धुमश्चक्रीत हे काम इतर देशांत जवळजवळ अज्ञातच राहिले.

१९५० हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. सेंट लुइस येथील अर्न्स्ट वाइंडर या तरुण विद्यार्थ्याने नामांकित शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांच्या साहाय्याने ६८४ रुग्णांचा अभ्यास केला, आणि तो त्या वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. ॲडिनोकार्सिनोमाचे रुग्ण वगळता उरलेल्या ६०५ पुरुषांपैकी शेकडा ९६ हून अधिक जण मध्यम ते अतिरेकी प्रमाणात सिगारेट ओढणारे होते. ॲडिनोकार्सिनोमा येथे बाजूला ठेवला गेला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तंबाखूशी त्याचा संबंध तेव्हा इतरांइतका ठळक दिसत नव्हता. ग्रॅहॅम यांनी १९३३ साली कर्करोगग्रस्त फुप्फुस संपूर्ण काढून टाकण्याची जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती, आणि तो रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला. स्वतः ग्रॅहॅम यांनी वर्षानुवर्षे सिगारेट ओढली होती. आपल्याच संशोधनाचा निष्कर्ष पटल्यावर त्यांनी ती सोडली, परंतु फार उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला.

लंडनमध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने हेच काम रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे सोपविले होते. हिल हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉल यांना प्रारंभी रस्त्यांच्या डांबराचाच संशय होता. शहरातील वीस रुग्णालयांतून रुग्णांच्या मुलाखती घेण्याचे काम समाजसेविकांकडे देण्यात आले, आणि कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णामागे त्याच वयाचा, त्याच लिंगाचा, दुसऱ्या रोगाचा एक रुग्ण तुलनेसाठी निवडण्यात आला. १९५० च्या सप्टेंबर महिन्यात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ६४९ कर्करोगी पुरुषांत धूम्रपान न करणारे केवळ दोन निघाले. तुलनेच्या तितक्याच पुरुषांत ते सत्तावीस होते. याहूनही बोलकी गोष्ट दुसरी होती. ज्या रुग्णांच्या बाबतीत मुलाखतीच्या वेळी कर्करोगाचा संशय होता पण पुढे निदान चुकीचे ठरले, त्यांच्या सवयी कर्करोग्यांशी जुळल्या नाहीत; इतर रुग्णांशी जुळल्या. मुलाखत घेणारीच्या पूर्वग्रहाने आकडे वाकविले असतील, हा आक्षेप यामुळे निकालात निघाला. हे काम चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट कायमची सोडली.

तथापि रुग्णाला मागचे विचारून मिळविलेल्या पुराव्याने सर्वांचे समाधान होईना, म्हणून या दोघांनी पुढे पाहणारी एक योजना आखली. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधील सर्व नोंदणीकृत डॉक्टरांना धूम्रपानाविषयी प्रश्नपत्रिका पाठविण्यात आली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली, आणि मग त्यांच्यापैकी कोण कधी व कशाने मरतो याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. पहिल्या एकोणतीस महिन्यांत पस्तिशीपुढच्या पुरुष डॉक्टरांपैकी ३६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावले, आणि त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. हा अभ्यास पन्नास वर्षे चालला. २००४ साली त्याचा समारोप झाला तेव्हा सिद्ध झाले की आजन्म सिगारेट ओढणारा मनुष्य सरासरी दहा वर्षांचे आयुष्य गमावतो. तिशीत ती सोडणारा ही दहाही वर्षे परत मिळवितो, चाळिशीत सोडणारा नऊ, पन्नाशीत सोडणारा सहा आणि साठीत सोडणारा तीन.

तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी या पुराव्यापुढे मान तुकविली नाही. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांनी एक जाहीर निवेदन छापून आणले, आणि आपल्या मालाने आरोग्यास अपाय होत नाही अशी ग्वाही देत स्वतःच्या खर्चाने संशोधन करविण्याचे आश्वासन दिले. त्याच वेळी गिऱ्हाइकांची भीती शमविण्यासाठी फिल्टरच्या सिगारेटी बाजारात आल्या. १९५० साली अमेरिकेत या सिगारेटींचा खप नगण्य होता. दहा वर्षांत तो एकूण खपाच्या निम्म्यावर गेला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १९६२ साली, आणि अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांच्या समितीने ११ जानेवारी १९६४ रोजी, आपापले अहवाल प्रसिद्ध केले. सिगारेट हे पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण होय, असा निवाडा अमेरिकन समितीने निःसंदिग्धपणे दिला. स्त्रियांविषयी पुरावा अद्याप अपुरा असला तरी त्याची दिशा तीच आहे, असे तिने नमूद केले.

येथवरचा इतिहास मुख्यतः स्क्वॅमस व लघुपेशींच्या कर्करोगाचा आहे. नॉर्वेचे विकृतिशास्त्रज्ञ लाइव्ह क्राइबर्ग यांनी या काळात फुप्फुसाच्या अर्बुदांची दोन गटांत विभागणी केली होती. पहिल्या गटात स्क्वॅमस व लघुपेशींचे कर्करोग होते, आणि तंबाखूशी त्यांचे नाते उघड होते. दुसऱ्या गटात ॲडिनोकार्सिनोमा होता, आणि तो तंबाखूपासून जवळजवळ अलिप्त आहे असे मानले गेले. १९५७ साली डॉल, हिल आणि क्राइबर्ग यांनी मिळून केलेल्या अभ्यासातही हाच भेद दिसला. त्या काळच्या पुराव्यावर हे मत चुकीचे नव्हते. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षांत सिगारेट बदलली, आणि तिच्याबरोबर रोगही बदलला.

फिल्टरला सूक्ष्म छिद्रे पाडून धुरात हवा मिसळण्याची युक्ती काढण्यात आली, आणि तिच्या जोरावर सौम्य, कमी डांबराच्या म्हणून नव्या सिगारेटी खपविल्या गेल्या. निकोटिनची तहान भागेना, म्हणून ओढणारा अधिक जोराने व अधिक खोल झुरके घेऊ लागला, आणि धूर मोठ्या नलिका ओलांडून वायुकोशांच्या दारापर्यंत पोहोचला. तंबाखूच्या मिश्रणातील फरकामुळे धुरात नायट्रोसॅमिन नावाच्या कर्करोगजनक द्रव्यांचे प्रमाणही वाढले होते. फुप्फुसाच्या कडेला वाढणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमाला हवी ती भूमी अशा रीतीने सिद्ध झाली. अमेरिकेत स्त्रियांमध्ये आधी आणि १९९० च्या दशकात पुरुषांमध्येही त्याने स्क्वॅमस कर्करोगाला मागे टाकले. २०१४ साली सर्जन जनरलच्या अहवालाने निर्णय दिला की १९५० नंतर सिगारेटची रचना व घटक यांत जे बदल झाले, त्यांच्यामुळेच ओढणाऱ्यांना होणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमाचा धोका वाढला. लोकांना सुरक्षिततेचा विश्वास देऊन विकलेल्या वस्तूने रोगाचा केवळ प्रकार बदलला, आणि रोगी तितकाच असहाय राहिला. विसाव्या शतकातील व्यापारनीतीवर याहून कठोर दोषारोप शोधून सापडणार नाही.

याच काळात रोग्यांची खानेसुमारीही पालटत होती. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये स्त्रियांनी पुरुषांच्या मागून वीस-पंचवीस वर्षांनी सिगारेट हाती घेतली होती, आणि १९६८ पासून तर खास स्त्रियांसाठी निराळ्या छापाच्या सिगारेटी काढून त्या स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून मांडण्यात आल्या. परिणाम ठरल्या वेळी दिसला. १९८७ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनांच्या कर्करोगाने मरणाऱ्यांहून अधिक झाली. पुरुषांतील मृत्युदर तेथे १९९० च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागला. स्त्रियांतील उतार त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाला.

परंतु सर्वांत गहन प्रश्न पूर्वेकडून आला. ज्या स्त्रियांनी आयुष्यात एकही झुरका घेतला नव्हता, त्यांना हा रोग का व्हावा? जपानचे ताकेशी हिरायामा यांनी ९१ हजारांहून अधिक धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे माग ठेवून १९८१ साली दाखविले की पती भरमसाट सिगारेट ओढत असल्यास पत्नीचा या रोगाने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई परगण्यात स्त्रिया जवळजवळ मुळीच धूम्रपान करीत नसत, तरीही फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे त्यांचे मृत्यू त्या देशात सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या भागांच्या तोडीचे होते. त्या घरांत धुरकट दगडी कोळसा उघड्या खळग्यात जाळून स्वयंपाक व ऊब यांची सोय केली जाई, आणि धूर बाहेर जाण्यास वाट नसे. ज्या घरांनी धुराडे असलेल्या चुली बसविल्या, तेथे पुढील काळात पुरुषांतील रोग सुमारे ४० टक्क्यांनी, आणि स्त्रियांतील त्याहून काहीसा अधिक, घटला. एका साध्या धुराड्याने इतके प्राण वाचविले, हा दाखला सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगा आहे.

आपल्या महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध मुंबईच्या द्वारा येतो. परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. दहा वर्षांनी, १९५१ साली, भारतीय कर्करोग संस्था स्थापन झाली. आणि १९६३ साली डॉ. डी. जे. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदवही उघडण्यात आली. शहरातील रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महानगरपालिकेचे मृत्यू-दप्तर यांतून एकेक रुग्ण वेचून नोंदण्याच्या या कष्टाळू कामातून एक गोष्ट लवकरच उघड झाली. धर्माज्ञेनुसार अग्नी पवित्र मानून धूम्रपान वर्ज्य समजणाऱ्या पारशी समाजात तंबाखूजन्य कर्करोग इतर मुंबईकरांच्या मानाने पुष्कळच कमी होते. १९७९ साली जुस्सावाला व जैन यांनी मुंबईच्या पुरुष रुग्णांचा अभ्यास करून बिडीचा धोका पुढे मांडला. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया येथे लक्षावधी हातांनी वळली जाणारी, तेंदूच्या पानातली ही बिडी गरिबाची निरुपद्रवी सोबतीण आहे, हा समज त्यायोगे खोटा ठरला. पुढे १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली, आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी दाखविले की खेड्यांत या रोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने फारच थोडे आहे. ईशान्येकडील मिझोराममध्ये मात्र चित्र अगदी उलटे आहे. तेथे स्त्रियांतही धूम्रपानाची रूढी जुनी आहे, आणि ऐजॉलच्या नोंदवहीत स्त्रियांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक निघाले.

भारतात दीर्घकाळ स्क्वॅमस कर्करोगच प्रबळ होता, आणि त्याचे रुग्ण बहुतांशी बिडी ओढणारे पुरुष असत. गेल्या दोन-तीन दशकांत येथेही पारडे फिरले आहे. टाटा रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲडिनोकार्सिनोमाचे प्रमाण सुमारे ४४ टक्के आणि स्क्वॅमसचे सुमारे २६ टक्के होते. जवळजवळ निम्म्या रुग्णांनी कधी धूम्रपान केलेले नव्हते. आणि रुग्णांचे मध्यम वय ५६ वर्षे होते, जेथे अमेरिकेत ते सत्तरीच्या आसपास असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे शंभरांत जेमतेम दोन प्रौढ स्त्रिया धूम्रपान करतात. त्यामुळे आपल्या स्त्रियांतील या रोगाचा पुष्कळसा भाग त्यांच्या स्वतःच्या सवयीच्या खात्यावर घालता येत नाही. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या देशात छातीच्या क्ष-किरण छायाचित्रातील डाग क्षयाचा समजून महिनोन्‌महिने चुकीचे औषध चालू राहते, आणि खरे निदान होते तेव्हा रोग बहुधा छातीबाहेर पसरलेला असतो, ही आपली आणखी एक दुर्दैवी अवस्था आहे.

२००४ साली बॉस्टनमधील संशोधकांच्या दोन गटांनी ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशींत ईजीएफआर या जनुकातील विशिष्ट उत्परिवर्तन शोधून काढले. ते पूर्व आशियातील रुग्णांत, स्त्रियांत आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांत अधिक आढळते. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्यांहून जास्त व पूर्व आशियाहून कमी आहे. त्या दोषावर नेमका आघात करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांना पूर्वी अकल्पनीय वाटलेली वर्षे मिळाली. २०१३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेचे प्रदूषण हे मनुष्यास कर्करोग करणारे निश्चित कारण ठरविले. घरातील कोळशाच्या धुरालाही तिने त्याच वर्गात घातले आहे, तर लाकूडफाट्याच्या धुराला संभाव्य कारणांत. २०२३ साली लंडनमधील संशोधकांनी दाखविले की हवेतील सूक्ष्म कण निद्रिस्त, आधीच दोष घेऊन बसलेल्या पेशींभोवती दाह उत्पन्न करून त्यांना कर्करोगाच्या मार्गाला लावतात. सिगारेट न ओढणाऱ्याच्या छातीतही धूर कोणते काम करतो, याचे उत्तर यातून मिळू लागले आहे.

या शतकाचा निकाल काय, असे विचारले तर माझे उत्तर असे आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रत्येक चढउतार मनुष्याच्या एखाद्या कृतीमागून, वीस-तीस वर्षांच्या अंतराने, आलेला आहे: यंत्राने वळलेल्या सिगारेटीमागून पुरुषांची महामारी आली, स्त्रियांना उद्देशून केलेल्या जाहिरातींमागून स्त्रियांची, फिल्टरमागून ॲडिनोकार्सिनोमाची, आणि जेथे सिगारेट सुटली किंवा चुलीवर धुराडे बसले, तेथे रोग मागे हटला. मनुष्याने आणलेली आपत्ती मनुष्याला परतविता येते, हे केवळ आशावादाचे वचन नसून नोंदवह्यांनी सिद्ध केलेले तथ्य आहे. ॲडिनोकार्सिनोमा वाढला म्हणून तंबाखूचा दोष कमी झाला, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. धूम्रपान हे आजही या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि प्रदूषण त्याच्या जोडीला आलेले आहे, त्याच्या जागी नव्हे.

आपल्या देशात २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. २००९ पासून वेष्टनांवर चित्रमय इशारे आहेत, आणि २०१६ पासून त्यांनी वेष्टनाची ८५ टक्के जागा व्यापली आहे. तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मधील सुमारे ३५ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २९ टक्क्यांच्या जवळ आले, हे या प्रयत्नांचे फळ आहे. पण बिडीवरचा कर सौम्य आहे, कायद्याची अंमलबजावणी ढिली आहे, आणि शहरांची हवा दिवसेंदिवस जड होत आहे. बिडी वळून पोट भरणाऱ्या स्त्रियांना दुसरा सन्मान्य रोजगार, प्रत्येक चुलीला निर्धूर इंधन, प्रत्येक जिल्ह्याला कर्करोगाची चोख नोंदवही, आणि तीन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला क्षयाबरोबरच कर्करोगाचाही विचार करणारा डॉक्टर, एवढ्या चार गोष्टी सरकारने व समाजाने मनावर घेतल्या पाहिजेत. आणि ज्या वाचकाच्या खिशात आज बिडीचे बंडल किंवा सिगारेटचे पाकीट असेल, त्याला चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या मृत्यू-नोंदींनी दिलेली साक्ष एवढेच सांगते, की ते टाकून देण्यास कोणतेही वय उशिराचे नाही, आणि जितके लवकर टाकाल, तितके आयुष्य तुमचे आहे.